मंडळी वर आली का?

निकमकाकांनी मला चार्ज दिला तो दिवस जुलैतला होता. शेजारणीचे वडील गावी परत जाताना फार तर उरलेल्या लोणच्याची बरणी देतात, नाहीतर कढीपत्त्याची कुंडी. काकांनी मला यादी दिली. पट्टीने रेघा मारलेला कागद, त्यावर सुवाच्य अक्षरात: 'वही, मोठी, एक. पेन्सिली दोन, पैकी एक अर्धी. दुर्बीण एक, डाव्या भिंगावर ओरखडा. घडीचं स्टूल एक. मंडळी, अकरा.' खाली 'चार्ज दिला' आणि 'चार्ज घेतला' अशा दोन जागा. त्यांनी आपली सही ठोकली, तारीख घातली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"काका, ह्याच्यावर सही करून मी फसणार नाही ना?"

"फसशील की," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं मी असाच फसत आलोय. कर सही."

मी केली. सरकारी माणसाने नीट रेघा मारून कागद पुढे केला की आपला हात आपोआप सही करतो, हे माझ्या रक्तातच असावं.

यादीतली ती अकरा मंडळी म्हणजे प्रेअरी डॉग. आइंडहोवनच्या कडेला आमची एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग. घरांमागे सायकली ठेवायच्या लाकडी खोल्या, त्यांच्यामागे एक अरुंद चर, आणि चरापलीकडे मुलांसाठीची छोटी शेतवाडी. नेदरलँड्समध्ये प्रत्येक वस्तीला अशी एक असते: चार शेळ्या, दोन गाढवं, कोंबड्या, आणि रविवारी लहान पोरांचा गलका. आमच्या शेतवाडीत जास्तीचं म्हणजे शाळेच्या मैदानाएवढा एक कुंपण घातलेला गवताचा तुकडा, आणि त्यात जमिनीखाली बिळं करून राहणारं हे खानदान. मांजरापेक्षा लहान, मातीच्या रंगाचे, मागच्या पायांवर उभे राहून हात जोडल्यासारखे दिसणारे. मूळचे अमेरिकेतल्या गवताळ माळांवरचे. भुंकतात, म्हणून नावात डॉग.

"कुत्रा कसला डोंबलाचा?" काका म्हणायचे. "खारीच्या जातीतला आहे तो. झाडावर चढायचा कंटाळा आलेली खार." आणि नाव न घेता ते त्यांना मंडळी म्हणायचे. आता त्यांच्या पिढीचा माणूस मंडळी म्हणतो तेव्हा पंगतीला बसलेले पाहुणे असू शकतात, नाहीतर बायकोही असू शकते. त्यांनी एकदा पुण्याच्या मित्राला फोनवर आनंदाने सांगितलं, "मंडळी सकाळी वर येतात, ऊन खातात, एकमेकांचे मुके घेतात, मग पुन्हा खाली." काकू जाऊन चार वर्षं झालेली. मित्राने आवाज खाली आणला. म्हणाला, "दिन्या, थंडी फार आहे का रे तिकडे?"

काका म्हणजे दिनकर निकम. मूळ साताऱ्याकडचे, नोकरी सगळी वेधशाळेत. मोठे शास्त्रज्ञ वगैरे नव्हेत. निरीक्षक. म्हणजे ठरल्या वेळी अंगणातल्या पांढऱ्या पेटीकडे जायचं, तापमान बघायचं, पाऊस मोजायचा, ढग बघायचे, लिहायचं. छत्तीस वर्षं रोज. पोटच्या मुलीचं नाव त्यांनी वर्षा ठेवलं आणि ती नेमकी दुष्काळाच्या साली जन्मली. "अंदाज हा आमचा विभागच नव्हता," असं ते त्यावर सांगायचे.

ही वर्षा माझी शेजारीण. तिच्या बाळंतपणासाठी काका जानेवारी दोन हजार वीसमध्ये आले. लेकीच्या बाळंतपणाला आई यायची. आई नाही म्हणून बाप आला, आणि येताना डिंक, अळीव, खारीक सगळं वजन करून, चिठ्ठ्या लावून घेऊन आला. डिंकाचे लाडू त्यांनी वळले तेव्हा स्वयंपाकघरातला काटा काढून एकेक लाडू तोलला. "साठ ग्रॅमचा एक," मला देताना म्हणाले. "तू बाळंतीण नाहीस, अर्धाच खा." तीन महिन्यांचा बेत होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि काका जुलैपर्यंत राहिले.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना चराकाठचा बाक सापडला, आणि तिसऱ्या दिवशी वही सुरू झाली. मी तेव्हा रोज ऑफिसला जायचे, त्यामुळे हिवाळ्यातले त्यांचे उद्योग मला फक्त वर्षाकडून कळायचे. मार्चच्या मध्यावर सगळं बंद झालं, ऑफिस माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं, आणि मी एकटी राहणारी बाई, भिंतींशी बोलायची वेळ आली तेव्हा मी त्या बाकाकडे जायला लागले. बाकाच्या एका टोकाला काका, मधे दीड मीटर, दुसऱ्या टोकाला मी. समोर ती मंडळी एकमेकांना भेटली की तोंडाला तोंड लावून ओळख पटवणार.

"बघ," काका म्हणायचे. "ह्यांना कुणी पत्रक नाही पाठवलेलं."

वेधशाळेने त्यांना एकच धर्म शिकवला होता: दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. ह्या धर्मापायी त्यांनी वरिष्ठांशीही पंगा घेतलेला. एका घाटमाथ्यावरच्या ठाण्यात असताना सकाळी पाऊस मोजायला गेले तर मापकात बेडूक. पाणी मोजलं, लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात इमानाने टीप घातली, 'आत बेडूक होता.' पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं: बेडकाचे आकारमान कळवावे.

"मग?"

"मग काय? बेडूक का थांबणार आहे सरकारी पत्राची वाट बघत? मी उत्तर दिलं, निरीक्षणाच्या वेळी बेडूक मोजला नाही, सबब माहिती नाही. साहेब चिडला. म्हणाला, अंदाजाने लिहा की एक आकडा. म्हटलं, साहेब, अंदाजाचा बेडूक मी लिहिणार नाही."

एप्रिलमध्ये बाळाच्या कसल्याशा नोंदणीसाठी त्यांना दिवसभर लेकीबरोबर जावं लागलं आणि बाकावरची फेरी चुकली. त्या दिवसाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली. मी सहज म्हटलं, "काका, लिहा ना, आठ-नऊ वर होते म्हणून. रोज असतातच." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या नातीला रस्त्यावर सोडून यायला सांगितलं होतं. "प्राजक्ता," ते म्हणाले, "रिकामा रकाना वाईट दिसतो, पण तो खोटं बोलत नाही." दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेलं. ते इथेही भारताच्याच वेळेवर चालायचं. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ बघून ते जेवायला यायचे, पण मनगटाला हात लावू द्यायचे नाहीत. मार्चअखेरीस इथली घड्याळं एक तास पुढे करतात. त्या रविवारी सकाळी वर्षा घरभर घड्याळं फिरवत होती आणि काका खुर्चीत बसून हसत होते. "पळाली का तुमची वेळ? माझी बघा, आहे तिथंच आहे." हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, कानांनी ऐकलंय. मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जो घोळ झाला तो माझाच, आणि त्याला अज्ञानाचीही सबब नाही.

शेतवाडीची सगळी मदार योसवर. पन्नाशीचा, लाल कानांचा, घोट्यापर्यंत लाकडी बूट घालणारा गडी. तो काकांशी ब्राबांटकडच्या डचमध्ये बोलायचा, काका त्याच्याशी मराठीत, आणि दोघांचं उत्तम जमायचं. काकांनी त्याला 'काय म्हणता?' शिकवलं. तो ते मंडळींना चारा टाकताना त्यांनाच विचारायचा. इथे निरोप घेताना 'हौडू' म्हणतात. काकांनी आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "हा माणूस जाताना रोज हौद हौद करतो, तिकडे पाणी बिणी तुंबलंय का?" अर्थ कळल्यावर स्वतःवरच खूप हसले. मग तेही निघताना हात वर करून 'हौद!' म्हणायला लागले. योसला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही.

त्या वसंतात माणसं कमी म्हणून योसने गवत कापलं नाही. ते गुडघाभर वाढलं, आणि काकांच्या लक्षात आलं की मंडळी उंच काड्या दातांनी तोडतात आणि खात नाहीत, तिथंच टाकून देतात. तीन दिवस त्यांनी फक्त तेवढंच बघितलं. मग मला म्हणाले, "भुकेसाठी नाही कापत. नजर मोकळी पाहिजे त्यांना. घार दिसली पाहिजे." बोलून झाल्यावर वहीत लिहिलं फक्त 'काड्या तोडल्या, खाल्ल्या नाहीत.' नजरेचं काही नाही. ते वाटलेलं होतं ना!

एकदा त्यांना शंका आली की मंडळी माणसाच्या कपड्यांचा रंग बघून वेगवेगळं भुंकतात. झालं! प्रयोगाला मी. आधी पिवळा रेनकोट घालून चराकाठाने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, मग निळा स्वेटर, मग पुन्हा पिवळा. बारा फेऱ्या झाल्या. समोरच्या डच आजी खिडकीतून बघत होत्या. नवाच्या मीटिंगला मी चिखलाचे बूट आणि पिवळा रेनकोट तसाच ठेवून बसले आणि साहेबांनी विचारलं, तुझ्या घरात गळतंय का? संध्याकाळी आशेने काकांना विचारलं, "मग? निघालं काही?"

"निघालं की. पिवळ्याला सहा वेळा भुंकले, निळ्याला पाच."

"म्हणजे रंग कळतो?"

"म्हणजे पिवळ्याला सहा वेळा भुंकले, निळ्याला पाच." आणि वही मिटली. माझे पाय दोन दिवस दुखत होते.

जुलैत खास विमानात जागा मिळाली. चार्ज वगैरे झाल्यावर निघताना त्यांनी नातीच्या कपाळाला नाक लावलं, अगदी मंडळींसारखं, आणि मला म्हणाले, "रोज नाही जमलं तरी चालेल. पण जे लिहिशील ते बघून लिही."

मी किती लिहिलं ते विचारू नका. ऑगस्टात बारा दिवस, सप्टेंबरात पाच. मग रेघाच रेघा.

डिसेंबरात पुन्हा सगळं बंद झालं. योसला दोन शेतवाड्या वाटून दिल्या आणि त्याचे इथले तास अगदी थोडे उरले. तो चरापलीकडून म्हणाला, "उन्हाळ्यात ही वर केव्हा असतात ते मला माहितीय. पण कडाक्याच्या थंडीत केव्हा येतात? तुझ्या काकांच्या वहीत असेल ना? मी माझे तास त्याप्रमाणे लावीन, म्हणजे नीट मोजता येतील." मला भरून आलं. वहीची जानेवारी-फेब्रुवारीची पानं काढून मी एका रात्रीत सगळं तक्त्यात उतरवलं, डच भाषेत, रंगबिरंगी. पहिल्या पानावर डोक्याशी लिहिलं होतं 'भा. प्र. वे.' मला वाटलं काहीतरी सरकारी मथळा असेल, श्री लिहितात तसा. सोडून दिला. तक्त्यातून स्वच्छ दिसत होतं: थंडीच्या दिवसांत मंडळी साधारण साडेतीन ते साडेपाच वर असतात. योसने कागद आपल्या खोलीच्या दारावर चिकटवला आणि आपली दुपार तशी लावून घेतली.

फेब्रुवारीत बर्फ पडला. मी इथे आल्यापासून एवढा पाहिला नव्हता. दोन दिवस वारा असा की बर्फ खाली पडण्याऐवजी आडवा जायचा, आणि नंतर कडक गोठण. त्याआधी जानेवारीभर पाऊस होऊन चर तुंबलेला. काकांचा हौद खरा झाला होता. योस रोज साडेतीनला येऊन उभा राहायचा, मीही जायचे. बोटं बधिर होईतो दुर्बीण धरायची. पांढरं, पांढरं, आणि मधे वाऱ्याने बर्फ उडवून उघडे पडलेले चार-पाच मातीचे ढीग. त्यावर कुणी नाही. पाच वाजले की उजेड जायला लागायचा. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. सहाव्या दिवशी योसने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "बुडाले असतील. नाहीतर गोठले."

शेतवाडीची समिती घाबरली होती. त्या वर्षी प्राण्यांकडून माणसांकडे रोग जातो म्हटलं की कुणीही दोन पावलं मागे सरायचं. जमिनीखाली अकरा मेलेले प्राणी, आणि सोमवारपासून बर्फ वितळणार. त्यांनी ठरवलं: रविवार संध्याकाळपर्यंत एकही दिसला नाही तर सोमवारी यंत्र आणून तो तुकडा खणून काढायचा, सगळं उचलायचं, माती भरायची. योस मला हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

आणि त्याच आठवड्यात पुण्यात काका कोविडने हॉस्पिटलात होते.

ते त्यातून उठले, हे आत्ताच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही, तेव्हा आमचा होता तेवढा पुरे झाला. वर्षा पोरीला कडेवर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायची. विमानाने जायची सोय नाही, भावंड कुणी नाही. वॉर्डातली एक सिस्टर दिवसातून एकदा आपला फोन काकांच्या हातात द्यायची, दोन मिनिटं. काका ऑक्सिजनवर. आणि त्या दोन मिनिटांत ते विचारायचे काय? "मंडळी वर आली का?"

सिस्टर बिचारी मवाळ आवाजात समजवायची, ते वर्षाला फोनमधून ऐकू यायचं. "काका, कोविड वॉर्डात मंडळींना वर नाही सोडत हो. खाली फॉर्म भरून घेतात."

"खोटं सांगून टाक गं," मी वर्षाला कुंपणावरून म्हटलं. "आली म्हणून सांग."

"काल सांगायला गेले," ती म्हणाली. "लगेच म्हणाले, कुठल्या बिळाशी? किती? मला रडूच फुटलं. मग म्हणाले, बघितली नसतील तर नाही म्हण."

शनिवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा मी वर्षाच्या अंगणातच होते. तिने फोन माझ्या हातात कोंबला. "तूच बोल. चार्ज तुझ्याकडे आहे."

मला सात महिन्यांतल्या सगळ्या रेघा आठवल्या. "काका," मी म्हणाले, "मला माफ करा. मंडळी वर येत नाहीयेत. सहा-सात दिवस झाले. योस पण बघतोय, मी पण बघतेय. परवा जागा खणणार आहेत."

पलीकडे नुसता श्वासाचा आवाज. मग, "कधी बघितलंत?"

"रोज. तुमच्या वहीप्रमाणेच. साडेतीन ते साडेपाच."

मग खोकल्यातून एकेक शब्द आला.

"कुठल्या साडेतीनला?"

"म्हणजे?"

"वर लिहिलंय की. भा. प्र. वे."

"ते काय असतं, काका?"

"भारतीय प्रमाण वेळ, गाढवे!"

हे एवढ्या जोरात आलं की मागून सिस्टर ओरडली, काका, मास्क काढू नका. फोन गेला. मी अंगणात उभी. डोक्यातल्या डोक्यात साडेचार तास वजा केले. साडेतीन म्हणजे इथले अकरा. साडेपाच म्हणजे एक. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना मंडळी वर यायची, आणि मी आणि योस दोन शहाणे रोज ऊन उतरल्यावर दुर्बीण घेऊन उभे! सकाळी योस चारा टाकायला यायचा तेव्हा पुरतं उजाडलेलंही नसायचं. आणि दुपारी बाराला मी घरात बसून पडद्यावरच्या माणसांना विचारत असायचे, माझा आवाज येतोय का? वर बर्फात एका ढिगाजवळ बारीक पावलं दिसली होती, तर ती सशाची असणार म्हणून आम्ही सोडून दिली. दिसलं ते नाही, वाटलं ते धरलं. मी तिथंच खाली पायरीवर बसले आणि वर्षाला सांगितलं, आणि ती रडायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. "बाबांचं घड्याळ," ती म्हणाली. "अगं, आपल्याला माहीत होतं की."

योसला फोन केला. साडेचार तासांचा हिशेब मला तीनदा सांगावा लागला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "येतो."

रविवारी अकरापासून आम्ही बाकापाशी होतो. मी, दीड मीटरवर वर्षा आणि बाबागाडीत गुंडाळलेली पोर, चरापलीकडे योस. आकाश निळंशार, ऊन बर्फावरून डोळ्यांत घुसणारं. साडेअकरा झाले. काही नाही. पावणेबारा. योस बुटाने बर्फ उकरत होता. मी मनातल्या मनात म्हणत होते की काका, आता तरी तुमचा अंदाज बरोबर निघू दे, आणि मग आठवलं की त्यांनी अंदाज केलेलाच नाही. बघितलेलं लिहिलंय फक्त.

बारा वाजून गेल्यावर दक्षिणेकडच्या ढिगावर माती हलली. एक नाक आलं. मग डोकं. मग अख्खा देह बाहेर, आणि तो मागच्या पायांवर उभा राहून उन्हाकडे तोंड करून थांबला. योस कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभा होता. मग तो घोगऱ्या आवाजात त्या प्राण्याला म्हणाला, "काय म्हणता?"

दुसरा आला. त्याने पहिल्याच्या तोंडाला तोंड लावलं. मग तिसरा. मी रडत होते आणि हसत होते आणि दुर्बीण पुसत होते. योसने तिथूनच समितीला फोन लावला आणि यंत्र नको म्हणून सांगितलं. त्याचं बोलणं मला कळलं तेवढ्यात 'जिवंत' हा शब्द सहा वेळा आला. वर्षाने सिस्टरला फोन केला, हातापाया पडली, आणि पडद्यावर काका दिसले.

आज मी टिलबर्गला असते, काका पुण्यात ठणठणीत आहेत, फोनवर माझी हजेरी घेतात. समोरासमोर भेट काही झालेली नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं जे रूप राहिलंय ते तेच: दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, नाकावर मास्क, आणि मास्कच्या वर ते दोन डोळे, पडद्यात घुसू बघणारे.

वर्षाने माझ्यामागे उभं राहून फोन असा धरला, की त्यात मी, वही आणि पलीकडची मंडळी सगळे दिसावे. "काका, दिसतंय?"

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "वेळ?"

"बारा वाजून..." मी म्हणाले आणि जीभ चावली.

त्यांनी डावा हात वर केला. मनगटावर घड्याळ नव्हतं, हॉस्पिटलची कागदी पट्टी होती. ते क्षणभर त्या पट्टीकडेच बघत राहिले. मग मान वळवली. "सिस्टर, किती वाजले?"

"चार बेचाळीस, काका."

"चार बेचाळीस. लिही. किती आहेत?"

"सात," मी म्हणाले. वही मांडीवर, अर्धी पेन्सिल बोटांत.

"बाबा, अकराच्या अकरा असणार हो!" वर्षा मागून ओरडली. "बाकीची खाली असतील."

"असतील," काका म्हणाले. "सात दिसली ना? सातच लिही."

मी लिहिलं. मागून सिस्टर पडद्यात डोकावली. "काका, हीच का तुमची मंडळी? आली का वर?"

"आली," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते पुसले नाहीत, पडद्यावरून हलवलेही नाहीत. मी म्हणत होते, काका, आता पडा, दमाल, उद्या पुन्हा दाखवते. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"आठ," ते म्हणाले. "डाव्या हाताला, तिसरं बीळ. तुझं लक्ष माझ्याकडे होतं."

मी वळून बघितलं. डाव्या हाताला तिसऱ्या बिळाशी आठवा उभा होता, हात जोडून.

मी साताचा आकडा खोडायला गेले.

"खोडू नकोस!" हजारो मैलांवरून त्यांनी माझी पेन्सिल बघितली. "तेव्हा सातच होती. नवी ओळ घाल."